उष्ट्या पाकिटाची साक्ष

मराठी घरांत मूल बोलूं लागतें न लागतें तोंच त्याला जे पहिले नियम शिकविले जातात, त्यांत 'उष्टें' हा एक असतो. ज्याला ओठ लागला तें उष्टें. तें दुसऱ्यानें खाऊं नये, देवापुढें ठेवूं नये. पेला कितीहि लखलखीत दिसो, तो कोणी तरी तोंडास लावला आहे हें कळलें कीं घरांतील वडीलधारी बाई तो घासून घेतल्यावांचून हातीं धरीत नाहीं. ह्या नियमांतील सोंवळ्याओंवळ्याचा भाग सोडून द्यावा. त्याच्या मुळाशीं जी कल्पना आहे ती मात्र लक्षांत घेण्याजोगी आहे. ज्या वस्तूला माणसाचें तोंड लागलें तिच्यावर तो आपलें कांहीं तरी ठेवून जातो, आणि डोळ्यांस दिसलें नाहीं तरी तें तेथें असतें, अशी ती कल्पना. गुन्ह्यांच्या तपासास मदत करणाऱ्या रसायनज्ञांनीं विसाव्या शतकांत जें सिद्ध केलें तें याहून फारसें निराळें नाहीं. सिगारेटचें थोटूक, चहाचा पेला, दातांच्या खुणा उमटलेलें कापड, जीभ फिरवून बंद केलेलें पाकीट, ह्या सर्व वस्तू उष्ट्याच होत.

आपल्या धर्मशास्त्रकारांनीं लाळेला साक्षीस बोलाविलें होतें, पण निराळ्या रीतीनें. स्मृतिग्रंथांत जीं दिव्यें सांगितलीं आहेत त्यांत 'तंडुल दिव्य' म्हणून एक आहे. चोरीचा संशय ज्याच्यावर असेल त्याला मंतरलेले तांदूळ चावावयास देत व पिंपळाच्या अथवा भूर्जाच्या पानावर थुंकावयास लावीत. थुंकींत रक्त दिसलें किंवा अंगास कंप सुटला म्हणजे तो दोषी. भयानें तोंडाला कोरड पडते, आणि कोरड्या तोंडांत तांदूळ हिरड्यांस टोंचतात, हा अनुभव त्याच्या बुडाशीं असावा. पण भय निरपराध्यालाहि वाटतें. किंबहुना कित्येकदां त्यालाच अधिक वाटतें. ह्या दिव्यांत लाळ माणसाच्या मनाविषयीं बोलत असे. ती कोणाची हा प्रश्नच नव्हता, कारण माणूस समोर उभा असे. अर्वाचीन परीक्षेंत नेमकें उलट आहे. तेथें लाळ समोर आहे आणि माणूस बेपत्ता आहे.

तेव्हां पहिला प्रश्न असा कीं, कागदावरचा किंवा कापडावरचा हा डाग लाळेचाच हें कशावरून? रक्ताला रंग असतो; लाळ वाळली कीं तिचा मागमूस राहत नाहीं. ह्या प्रश्नाचें उत्तर गुन्ह्यांशीं कांहींहि संबंध नसलेल्या एका शोधांत होतें. माणसाची लाळ पिठुळ पदार्थांचें साखरेंत रूपांतर करते, असें लॉइक्स ह्या जर्मन रसायनज्ञानें १८३१ सालीं दाखविलें. भाताचा घास पुष्कळ वेळ चावीत राहिलें तर तो गोड लागतो, त्याचें कारण हेंच. हें काम करणाऱ्या द्रव्यास पूर्वीं टायलिन म्हणत, पुढें अमायलेज हें नांव रूढ झालें. आयोडीननें पिठाच्या खळीला निळा रंग येतो ही गोष्ट त्यापूर्वींच, १८१४ पासून, ठाऊक होती. ह्या दोन गोष्टी एकत्र केल्या कीं परीक्षा तयार झाली. हा प्रयोग घरींहि करून पाहतां येतो. भाताची निवळ पेज दोन पेल्यांत घ्यावी. एकींत थोडी लाळ मिसळून दोन्ही पेले कोमट जागीं पंधरावीस मिनिटें ठेवावे. मग दोहोंत टिंक्चर आयोडीनचा एकेक थेंब टाकावा. साध्या पेजेचा रंग निळाशार होतो. लाळेच्या पेजेला तो येत नाहीं, किंवा फिका येतो. अर्थात् प्रयोग झाल्यावर दोन्ही पेजा मोरींत ओताव्या.

पुढें स्वीडनमध्यें रुग्णालयांच्या उपयोगासाठीं 'फडेबास' नांवाची एक गोळी निघाली. तिच्यांत न विरघळणाऱ्या खळीच्या कणांस निळा रंग जखडून ठेवलेला असतो. अमायलेज ते कण तोडतें आणि रंग मोकळा होऊन पाण्यांत उतरतो. पोटाच्या विकारांची परीक्षा करण्यासाठीं काढलेली ही गोळी १९७० नंतरच्या दशकांत पोलिसांच्या प्रयोगशाळांत जाऊन बसली. तिच्या चूर्णाचा लेप दिलेला कागद ओलसर करून संशयित कापडावर दाबून ठेवला, तर जेथें लाळ असेल तेथें निळे ठिपके उमटूं लागतात, आणि डाग डोळ्यांस दिसत नसतांहि नेमका कोठें कापावा हें कळतें.

मात्र ह्या परीक्षेची मर्यादा तिच्या जन्मापासून तिच्याबरोबर आहे. अमायलेज केवळ लाळेंतच असतें असें नाहीं. तें शरीरांतील इतर स्रावांत थोडेंफार असतें, आईच्या दुधांत असतें, मोड आलेल्या धान्यांत असतें, कांहीं सूक्ष्म जंतूहि तें तयार करतात. लाळेंत तें फार मोठ्या प्रमाणांत असतें एवढाच काय तो भेद. म्हणून जाणता परीक्षक 'हा डाग लाळेचा आहे' असें न लिहितां 'लाळेचा असण्याचा संभव आहे' असें लिहितो. वकिलांना हा 'संभव' शब्द आवडत नाहीं. ज्याच्या बाजूचा असेल तो त्याला 'निश्चित' करूं पाहतो, विरुद्ध बाजूचा त्याला 'कांहींच नाहीं' करूं पाहतो. एकविसाव्या शतकांत लाळेंतील विशिष्ट अमायलेज ओळखणाऱ्या पट्ट्या निघाल्या व त्यांनीं हा संशय पुष्कळ कमी केला, पण तोहि सर्वस्वीं नाहीं.

दुसरा प्रश्न अधिक अवघड: ही लाळ कोणाची? १९०१ सालीं व्हिएन्ना येथील डॉ. कार्ल लँडस्टायनर यांनीं मनुष्यांच्या रक्ताचे गट असतात हें दाखविलें; १९१५ सालीं ट्यूरिन येथील लिओन लॅटिस यांनीं वाळलेल्या डागावरूनहि गट ओळखण्याची रीत बसविली. पण सांडलेलें रक्त बहुधा मारलेल्याचें असतें. मारणारा आपलें रक्त क्वचितच मागें ठेवतो. म्हणून रक्तगटाचीं द्रव्यें लाळेंतहि सांपडतात असें १९२६ सालीं जपानमधील यामाकामि यांनीं प्रसिद्ध केलें, तेव्हां तपासाचें क्षेत्र एकाएकीं विस्तारलें. १९३० सालीं जर्मनींत लेर्स व फिनलंडांत पुट्कोनेन यांना आढळलें कीं हें सर्वांच्या बाबतींत खरें नाहीं. शंभरांपैकीं सुमारें ऐंशींच्या लाळेंत त्यांचा रक्तगट उतरतो, उरलेल्या वीसांच्या उतरत नाहीं. ज्यांच्या उतरतो त्यांना 'सिक्रीटर' म्हणजे स्रावक म्हणूं लागले. हा गुण आईबापांकडून मुलांकडे कसा येतो हें शिफ व सासाकी यांनीं १९३२ सालीं उलगडून दाखविलें.

ह्या शास्त्रांत मुंबईचेंहि नांव कायमचें लागलें आहे. १९५२ सालीं डॉ. भेंडे व त्यांचे सहकारी डॉ. देशपांडे, डॉ. भाटिया इत्यादिकांना मुंबईंत असें कांहीं रक्त आढळलें कीं जें वरवर 'ओ' गटाचें दिसे, पण 'ओ' गटाच्या रक्ताशींहि जुळत नसे. जगभर आतां त्यास 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतात. ह्या विरळा लोकांच्या लाळेंतहि गटाचें कोणतेंच द्रव्य नसतें. त्यांनीं चाटलेलें पाकीट ह्या जुन्या परीक्षेपुढें मुकेंच राहील.

परीक्षेची रीत समजून घेणें जरूर आहे, कारण पुढील हकीकत तिच्यावरच उभी आहे. 'बी' गटाच्या रक्तकणांस एकत्र चिकटवून त्यांचे पुंजके करणारें एक सीरम असतें. पाकिटाची चाटलेली कड पाण्यांत भिजवून तिचा अर्क काढावा व त्यांत हें सीरम थोडें मिसळून ठेवावें. अर्कांत 'बी' द्रव्य असेल तर सीरमचा सगळा जोर त्याच्यावरच खर्च होतो. मग त्यांत 'बी' गटाचे रक्तकण टाकले तरी त्यांचे पुंजके होत नाहींत. म्हणजे कांहीं घडलें नाहीं ह्यावरूनच येथें निष्कर्ष काढावयाचा असतो. म्हणून त्याच पाकिटाच्या न चाटलेल्या भागाचा अर्क घेऊन तोच प्रयोग पुन्हां करावा लागतो. नाहीं तर डिंकाचा किंवा कागदाचा दोष माणसाच्या माथीं बसावयाचा.

१९७५ च्या ऑक्टोबरापासून उत्तर इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यांत, लीड्स, ब्रॅडफर्ड व त्या बाजूच्या शहरांत, स्त्रियांचे खून पडूं लागले. मारण्याची रीत तीच, आणि मारणारा कोण याचा पत्ता नाहीं. वर्तमानपत्रांनीं त्याला 'यॉर्कशायर रिपर' हें नांव दिलें. १९७८ च्या मार्चमध्यें तपासावरील वरिष्ठ अधिकारी जॉर्ज ओल्डफील्ड यांच्या नांवें ईशान्य किनाऱ्यावरील संडरलंड ह्या बंदराहून एक पत्र आलें. थोड्याच दिवसांत दुसरें एक 'डेली मिरर' ह्या दैनिकाकडे गेलें. आपणच तो खुनी अशी बढाई त्यांत होती. शिवाय १९७५ च्या नोव्हेंबरांत लँकेशायरमधील प्रेस्टन गांवीं झालेला एका स्त्रीचा खूनहि लिहिणाऱ्यानें आपल्या नांवावर घेतला होता. हा खून त्याच हातचा कीं काय, याविषयीं पोलिसांतच मतभेद होता.

१९७९ च्या मार्चमध्यें ओल्डफील्ड यांना तिसरें पत्र आलें. त्या पाकिटाच्या कडेवर लाळ सांपडली. परीक्षकांनीं वर सांगितलेली परीक्षा केली आणि उत्तर आलें: पाकीट चाटणारा 'बी' गटाचा असून स्रावक आहे. इंग्लंडांत 'बी' गट कमी. त्यांतून स्रावक निवडले तर शंभरांत सुमारें सहाच निघतात. आणि प्रेस्टनच्या खुनाच्या वेळीं मिळालेल्या शरीरस्रावावरून तेथील खुनीहि 'बी' गटाचा स्रावक ठरलेला होता!

येथें घटकाभर थांबून विचार करण्यासारखा आहे. परीक्षेनें जें सांगितलें तें एवढेंच: पाकीट चाटणारा शंभरांतील त्या सहांपैकीं एक आहे, आणि प्रेस्टनचा खुनीहि त्या सहांपैकीं एक आहे. एक लाख पुरुषांच्या वस्तींत असे सहा हजार निघतील. ज्यानें शाळेंत त्रैराशिक केलें आहे त्याला हें गणित अवघड नाहीं. (आपल्याकडे 'बी' गटाचें प्रमाण शेंकडा तीसच्या आसपास असल्यामुळें पुण्यामुंबईस हें साम्य आढळतें तर त्याचें कोणास विशेष वाटलेंहि नसतें.) पण चार वर्षें रात्रंदिवस खपून हातीं कांहींहि न लागलेल्या अधिकाऱ्यांच्या कानांस ऐकूं आलें तें असें: पत्र लिहिणारा तोच प्रेस्टनचा खुनी. आणि प्रेस्टनचा खुनी तोच यॉर्कशायरचा, ही दुसरी उडी तर कोणत्याहि परीक्षेनें मारावयास सांगितली नव्हती. ती पत्रांतील शब्दांच्या आधारानें मारली गेली. म्हणजे ज्याची सचोटी तपासावयाची त्याच्याच जबानीवर.

जून महिन्यांत ओल्डफील्ड यांच्याकडे एक ध्वनिफीत आली. तींत एक पुरुष संथ, थट्टेच्या स्वरांत त्यांना हिणवीत होता. २६ जून १९७९ रोजीं ती वार्ताहरांच्या सभेंत ऐकविण्यांत आली आणि मग घराघरांतून, दारूच्या गुत्त्यांतून, टेलिफोनवरून ती साऱ्या देशानें ऐकली. लीड्स विद्यापीठांतील बोलींचे अभ्यासक स्टॅन्ली एलिस यांनीं त्या उच्चारांवरून बोलणारा संडरलंडमधील कोणत्या वस्तींत वाढला असावा हेंसुद्धां सांगितलें, आणि पुढें तें अनुमान जवळजवळ अचूक ठरलें. परंतु एलिस व त्यांचे सहकारी जॅक विंडसर लुईस यांना हाच मनुष्य खुनी असेल याची शंका येऊं लागली होती व ती त्यांनीं पोलिसांस कळविलीहि. नॉर्थम्ब्रियाच्या पोलिसांतहि कांहींजण म्हणत कीं, हीं पत्रें १८८८ सालच्या लंडनमधील कुप्रसिद्ध खुन्याच्या नांवानें आलेल्या पत्रांची नक्कल दिसते. पत्रांतील ज्या गोष्टी केवळ खुन्यासच ठाऊक असाव्या असें मानलें गेलें, त्या पूर्वींच वर्तमानपत्रांत छापून आलेल्या होत्या. ह्या सर्व शंकांना लाळेच्या परीक्षेचा दाखला पुढें करून बाजूस सारलें गेलें. अक्षर खोटें असूं शकतें, बोलणें खोटें असूं शकतें, पण लाळ कशी खोटी असेल, असा तो युक्तिवाद. लाळ खोटी नव्हतीच. तिला जें विचारलें नव्हतें तें तिच्या तोंडीं घातलें गेलें.

सप्टेंबर १९७९ मध्यें पोलीस ठाण्यांकडे एक खास सूचनापत्र गेलें. संशयितांच्या यादींतून एखाद्यास वगळावयाचें तर कशावरून वगळावें याचे निकष त्यांत होते. त्यांत ईशान्येकडील उच्चार नसणें हा एक होता आणि रक्तगट 'बी' नसणें हा दुसरा. ब्रॅडफर्डचा एक लॉरी हांकणारा, पीटर सटक्लिफ, पोलिसांच्या नजरेखालून अनेक वेळां गेला. त्याचे उच्चार यॉर्कशायरचे होते. अक्षर पत्रांशीं जुळत नव्हतें. सर्व मिळून नऊ वेळां त्याला प्रश्न विचारले गेले आणि नऊ वेळां तो सुटून घरीं गेला. ध्वनिफीत जगजाहीर झाल्यानंतर त्यानें आणखी तीन स्त्रिया मारल्या. त्यांतील दोघी विद्यार्थिनी होत्या, एक सरकारी नोकरींत होती.

ह्या काळांतील एक गोष्ट वाचतांना मनाला फार लागते. सप्टेंबर १९७९ मध्यें पोलिसांना एका निनांवी माणसाचा टेलिफोन आला. ती ध्वनिफीत बनावट आहे, असें तो सांगत होता. तिच्यांतील आवाज ज्याचा होता तोच हें सांगत होता! देशांतील लहान मुलांच्याहि ओळखीचा झालेला तो आवाज; पण त्या दिवशीं तो कोणी ओळखला नाहीं.

२ जानेवारी १९८१ रोजीं रात्रीं शेफील्ड येथें दोन शिपायांनीं एक मोटार हटकली. तिच्यावरचा क्रमांक खोटा निघाला. आंत सटक्लिफ होता. दोन दिवसांनीं त्यानें कबुली दिली आणि मे महिन्यांत लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयांत तेरा खुनांबद्दल त्याला शिक्षा झाली. प्रेस्टनचा खून त्या तेरांत नव्हता. सरकारनें सर लॉरेन्स बायफर्ड यांजकडून सगळ्या तपासाची चौकशी करविली. त्यांचा अहवाल १९८१ च्या अखेरीस तयार झाला, पण पूर्ण स्वरूपांत तो लोकांपुढें यावयास २००६ साल उजाडलें. ओल्डफील्ड तोंवर हयात नव्हते. १९७९ च्या ऑगस्टमध्येंच त्यांना हृदयविकारानें अंथरुणास खिळविलें होतें. १९८५ सालीं ते वारले.

पत्र लिहिणारा मात्र मोकळाच राहिला. त्याची लाळ कागदाच्या एका कपट्यावर होती, पण 'बी, स्रावक' ह्या दोन शब्दांपलीकडे तिला कोणाचें नांव सांगतां येत नव्हतें. १९८४ च्या सप्टेंबरांत लेस्टर विद्यापीठांत ॲलेक जेफ्रीज यांना डीएनएवरून एकेका व्यक्तीची खूण पटविण्याचा मार्ग सांपडला. लाळ स्वतः पाण्यासारखी असली तरी तिच्याबरोबर गालाच्या आंतील त्वचेच्या असंख्य पेशी निघून येतात, आणि प्रत्येक पेशींत त्या माणसाचा डीएनए असतो. प्रारंभीं ह्या कामास बराच मोठा डाग लागे. पुढें डीएनएच्या सूक्ष्म अंशाच्या लक्षावधि प्रती करण्याची युक्ति हातीं आली, तेव्हां पाकिटाची कड पुरेशी झाली. १९९३ च्या फेब्रुवारींत न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्यें स्फोट झाला, त्या खटल्यांत 'न्यूयॉर्क टाइम्स'ला आलेल्या पत्राच्या पाकिटावरील लाळ एका आरोपीच्या डीएनएशीं जुळविण्यांत आली होती. १९९५ पासून इंग्लंडांत अटक झालेल्यांच्या डीएनएची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. तींत नोंद करण्यासाठीं माणसाच्या गालाच्या आंतून कापसाचा बोळा फिरविण्यांत येतो.

वेस्ट यॉर्कशायरच्या पोलिसांनीं हें जुनें प्रकरण पुन्हां उघडलें तेव्हां मूळ पाकिटें सांपडेनात. पुष्कळ शोधाअंतीं एका प्रयोगशाळेच्या दप्तरांत पाकिटाच्या डिंक लावलेल्या कडेचा एक लहानसा कपटा जपून ठेवलेला मिळाला. पंचवीस वर्षांपूर्वीं कोणा परीक्षकानें तो टाकून दिला नाहीं, नेमस्तपणें ठेवून दिला, एवढ्यावर सारें निभावलें. त्याच्यावरील लाळेंतून डीएनए निघाला आणि नोंदवहींत त्याचा जोडीदारहि निघाला. तो संडरलंडचा जॉन हंबल. कांहीं वर्षांपूर्वीं दारूच्या नशेंत दंगा केल्यावरून त्याचा नमुना घेतलेला होता. पत्रें लिहिलीं तेव्हां तो विशीच्या आगेमागें असलेला एक बेकार तरुण होता. २००५ च्या ऑक्टोबरांत त्याला अटक झाली. पुढच्या मार्चमध्यें लीड्सच्या न्यायालयांत त्यानें गुन्हा कबूल केला व न्यायाच्या कामांत अडथळा आणल्याबद्दल त्याला आठ वर्षांची कैद झाली. २०१९ सालीं तो वारला.

प्रेस्टनची फाईल त्यानंतरहि कांहीं वर्षें उघडीच होती. तेथील डागांतून मिळालेला डीएनए २०११ सालीं अशा एका मनुष्याशीं जुळला, जो तीन वर्षांपूर्वींच, २००८ सालीं, मरण पावला होता. त्याचा सटक्लिफशीं कांहींहि संबंध नव्हता, आणि हंबलशींहि नव्हता. ते केवळ शंभरांतील सहांपैकीं दोघे निघाले.